पहिले दोन उन्हाळे

कन्नड,
अक्षय तृतीया

चि. सई हिस,


तुमच्या नव्या घराचे फोटो पाहिले. छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरात, डोंगराच्या अंगाला घर, दारापुढं पंधरा-सोळा फूट मोकळी जागा आणि तिच्यात सावलीला एक झाड नाही. तू विचारलं आहेस की फुलांचं, आपल्याच मातीतलं आणि टँकरच्या पाण्यावर अवलंबून न राहणारं असं कोणतं झाड लावू. बाबांना गुलमोहर हवाय, आईला ‘बारा महिने हिरवं राहील असं काहीतरी’, आणि तू स्वतः रोपवाटिकेत सहा फुटी बहावा बघून आली आहेस. झाड तू अगदी बरोबर निवडलंस, पण ते रोप आणू नकोस. का, ते फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. कमी पाण्यावर येणारं झाड म्हणजे पहिल्या दिवसापासून पाणी न मागणारं झाड नव्हे. दुष्काळ सोसायची बहाव्याची ताकद त्याच्या मुळात असते, आणि ते मूळ खोल उतरेपर्यंत तो मेथीच्या वाफ्याइतकाच नाजूक असतो. पहिले दोन उन्हाळे तू त्याला कसे काढायला लावतेस, यावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं. तू आता पदवीच्या पहिल्या वर्षाला जाशील. तीन वर्षं घरी राहून होतील, मग नोकरी म्हण, पुढचं शिक्षण म्हण, कुठं कुठं जाशील. तुझ्या मागं आई-बाबांनी रोज बादली घेऊन फिरावं असं झाड मला तुमच्या दारात नकोय. तू बॅग भरशील तेव्हा त्याला कुणाचीच गरज उरलेली नसावी. सगळी आखणी त्याच हिशेबानं करू.

गुलमोहराबद्दल बाबांना माझ्या वतीनं सांग. तो मूळचा मादागास्करचा. झपाट्यानं वाढतो, मे महिन्यात डोळे दिपवतो, हे खरं. पण त्याची मुळं वरच्या वर पसरतात, लाकूड ठिसूळ असतं, आणि वळवाच्या वाऱ्यात फांदी कधी मोडून पडेल याचा नेम नाही. मोठ्या मैदानाच्या कडेला तो शोभतो. घराच्या भिंतीपासून दहा फुटांवर त्याला जागा देणं मला धोक्याचं वाटतं. पळस माझ्या फार जवळचा, पण तो अंगणातल्यापेक्षा माळावर जास्त रमतो आणि वाढायला भलताच सावकाश. पांगाऱ्याला काटे, शिवाय हल्ली एक बारीक गांधीलमाशी त्याच्या पानांवर आणि कोवळ्या शेंड्यांवर गाठी आणते. मेडशिंगी मिळाली असती तर मी पुन्हा विचार केला असता. रात्री उमलणारी तिची पांढरी, सुवासिक फुलं शहरातल्या फार थोड्या लोकांनी पाहिली आहेत. पण तिचं रोप मिळवायलाच वर्ष जाईल. जागा आणखी कमी असती तर मी आपटा सांगितला असता. पंधरा फुटांत बहावा बसतो.

तो इथलाच, हे तुला वेगळं सांगायला नको. आमच्या गावापासून चाळीसगावकडं जाताना जो घाट उतरतो, त्या औट्रम घाटाच्या आजूबाजूला गौताळ्याचं अभयारण्य आहे. 1986 साली ते जाहीर झालं. सातमाळा-अजिंठ्याच्या या रांगा म्हणजे पानझडीचं कोरडं जंगल. पाऊस चार महिने, तोही लहरी. उरलेले आठ महिने खडक तापतो, मुरूम भुगा होतो. अशा ठिकाणी कुणी पाणी न घालता बहावा पिढ्यानपिढ्या उभा आहे. छत्रपती संभाजीनगरचा पाऊस वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास. एवढा त्याला पुरतो, कमी पडला तरी तो तग धरतो.

आणि पाण्याची गोष्ट तुमच्या शहरात किती जुनी आहे बघ. सतराव्या शतकात मलिक अंबरनं खडकी वसवली तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचाच होता, म्हणून त्यानं डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून गावात आणलं. त्या पद्धतीच्या पाण्यावर चाललेली पाणचक्की तू शाळेच्या सहलीत पाहिली असशील. पुढं हर्सूलचा तलाव झाला, मग पैठणचा नाथसागर. चारशे वर्षं हे शहर लांबून पाणी आणतंय, आणि तरीही तुमच्या गल्लीत टँकरची वाट बघावी लागते. अशा गावात दारात हिरवळ लावून तिच्यावर पाईप धरणं मला पटत नाही. इथं झाड लावायचं तर ते या पावसावर जगणारंच हवं.

आता आईचं म्हणणं. बारा महिने हिरवं राहणारं झाड बारा महिने पाणी उडवतं. पान म्हणजे पाण्याची वाफ बाहेर सोडणारी हजारो बारीक तोंडं. बहावा फाल्गुन-चैत्रात पानं गाळतो ती मरायला टेकल्यामुळं नव्हे, जमिनीतली उरलेली ओल वाचवायला. लोकांना हे ठाऊक नसतं. झाड उघडंबोडकं दिसलं की घाबरून बादल्यांवर बादल्या ओततात, नाहीतर ‘वाळलं’ म्हणून तोडून टाकतात. मार्चमध्ये तुझ्या बहाव्याची पानं पिवळी पडून गळायला लागली तर फांदीच्या सालीवर नखानं हलकंच खरवडून बघ. आत हिरवं दिसलं की निश्चिंत राहा. आईला सांग, महिनाभर त्याला तसंच राहू दे; त्यानंतर जे दिसेल ते कुठल्याच सदाहरित झाडात दिसायचं नाही.

रोपवाटिकेतल्या सहा फुटी झाडाबद्दल लिहायचं राहिलं. दोन-तीन वर्षं पॉलिथिनच्या पिशवीत काढलेलं ते झाड. बहाव्याचा स्वभाव असा की पहिली वर्षं तो वर फारसा वाढत नाही, खाली जातो. सोटमूळ सरळ खोल उतरवणं हे त्याचं पहिलं काम. पिशवीच्या तळाशी ते मूळ अडतं, वळतं, वेटोळं घालतं. वरून झाड टवटवीत दिसतं, कारण त्याला रोज झारीनं पाणी मिळत असतं. ते तू जमिनीत लावलंस तरी वेटोळं सहजासहजी सुटत नाही. मूळ खाली जाण्याऐवजी तिथंच गोल फिरतं. झाड कायम वरच्या पाण्यावर जगतं आणि जोराचा वारा आला की एका अंगाला कलतं. म्हणून एक तर वीतभर उंचीचं, यंदाच्याच बियाण्याचं रोप घे, नाहीतर सरळ बी लाव. मी बीच लाव म्हणेन. ज्या जागी रुजलं त्याच जागी वाढलेलं मूळ कधी तुटत नाही, वळत नाही. दोन वर्षांनी त्या सहा फुटी झाडापेक्षा तुझं झाड बुटकं दिसेल. दिसू दे.

रोप घ्यायचंच ठरलं तर वन विभागाच्या नाहीतर सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत जा, आणि ‘बहावा’ हे नाव सांगून त्याची खात्री करून घे. तुमच्या शेजारचे लोक अमलतास म्हणतात, ते तेच. पण ‘पिवळ्या फुलांचं झाड’ एवढंच म्हणालीस तर सोनमोहर हातात पडेल, किंवा ‘कॅसिया’ म्हणून भलतंच काही. बहाव्याचं संयुक्त पान ओळखायला सोपं आहे: मधल्या दांडीवर समोरासमोर मोठमोठ्या, लंबगोल पर्णिकांच्या तीन ते आठ जोड्या. सोनमोहराची पानं चिंचेसारखी बारीक असतात. श्री. द. महाजन यांचं ‘देशी वृक्ष’ कॉलेजच्या ग्रंथालयात मिळालं तर घरी आण, अंगणात उभं राहून वाचण्यासारखं पुस्तक आहे.

जागा ठरव. दिवसभर ऊन लागेल अशी, घराच्या भिंतीपासून निदान दहा फूट, कंपाउंडपासून चार-पाच फूट, आणि वर विजेच्या तारा नसतील अशी. पाण्याची टाकी जमिनीत कुठं आहे, ड्रेनेजची लाईन कुठून गेली आहे, हे बाबांना विचारून कागदावर काढ. वाढलेलं झाड तीस-पस्तीस फुटांपर्यंत जाऊ शकतं. चुकीच्या जागी लावलं आणि पुढं नकोसं झालं तर कुऱ्हाड उचलून मोकळं होता येत नाही. आपल्या राज्यात 1975 पासून शहरांतल्या झाडांसाठी कायदा आहे, स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हा कायदा मला योग्यच वाटतो. म्हणून विचार लावायच्या आधी करायचा.

खड्डा आत्ता, वैशाखातच काढ. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. माणूस लावलास तरी त्याच्या शेजारी उभी राहा, कारण तुझ्या जमिनीत काय आहे हे दुसऱ्यांदा बघायला मिळणार नाही. वरच्या फूट-दीड फुटात बहुतेक बिल्डरचा भराव निघेल: विटांचे तुकडे, वाळलेला सिमेंटचा माल, टाइल्सच्या कपच्या. हा राडारोडा सगळा उचलून बाहेर टाक. सिमेंट-चुन्यामुळं माती अल्कधर्मी होते आणि कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. त्याखाली कदाचित काळ्या मातीचा पातळ थर लागेल, ती वेगळी काढून ठेव, ती सोनं आहे. मग मुरूम. पहार मारल्यावर मुरूम भसकन फुटतो, पिवळट-तांबूस भुगा आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोटे निघतात. हा आपला काळा पाषाणच, ऊन-पाण्यानं कुजलेला. बहाव्याला तो हवाच असतो, त्याच्या फटींत ओल टिकते आणि मूळ तिच्या मागानं जातं. पण पहार खणकन वाजून परत उसळली, ठिणगी उडाली, तर खाली सलग कातळ आहे. तिथं खड्डा सोड आणि चार-पाच फूट सरकून दुसरीकडं बघ.

खड्डा झाला की त्यात चार बादल्या पाणी ओत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघ. पाणी जिरलं असेल तर जागा चांगली. तसंच साचून राहिलं असेल तर पावसाळ्यात मूळ कुजेल. उन्हाळा सोसणारं हे झाड पायाशी तुंबलेलं पाणी मात्र सोसत नाही. तळाशी पहारीनं आणखी भोकं पाड, फोडलेल्या मुरुमाचा थर दे, पुन्हा पाणी ओतून बघ. मग खड्डा महिनाभर उन्हात तापू दे. मृगाच्या तोंडावर तो भर: निघालेली काळी माती, मुरूम, दोन-तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असलं तर वाळवी लागते, हातात घेऊन वास बघ, शेणाचा वास आला तर ते तयार नाही. बहाव्याला शेंगा येतात म्हणून तो तुरी-हरभऱ्यासारखा मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र घेत असेल असं कुणी सांगेल. तो तसा घेत नाही. सुरुवातीचं खत त्याला लागतं. मात्र पुढं दर महिन्याला रासायनिक खताची मूठ टाकायची नाही. भरभर वाढलेली, पाणी भरलेली फांदी उन्हाळ्यात पहिली सुकते.

बी मी पाठवते आहे. आमच्या मागच्या अंगणातल्या झाडाच्या शेंगा आहेत. अभयारण्यातून शेंगच काय, काडीही आणायची नाही, हे लक्षात असू दे. हात-दीड हात लांबीची काळपट शेंग हलवलीस तर आत खुळखुळतं. दगडानं हलके फोड. आत पातळ पडद्यांनी पाडलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात काळा चिकट गर आणि त्यात एकेक चपटं, तपकिरी, चकचकीत बी. वास चांगला नसतो, आधीच सांगून ठेवते. हा गर म्हणजे आयुर्वेदातला आरग्वध. कोठा साफ करायला वैद्य तो मापून देतात. शेजारच्या कुणी मागितला तर सरळ नाही म्हण, आणि लहान मुलांच्या हाताला शेंगा लागू देऊ नकोस.

बियांची साल इतकी टणक असते की नुसतं पेरलं तर वर्षभरसुद्धा पडून राहील. जंगलात माकडं, कोल्हे, अस्वलं शेंगा खातात, बी त्यांच्या पोटातून जातं आणि साल नरम पडते. तुला ते काम पॉलिश पेपरनं करायचं आहे. बियाची एक कड घास, आतली फिकट रेघ दिसली की थांब. कोंब जिथून फुटतो ते टोक, जिथं बी शेंगेला चिकटलेलं होतं ते, घासू नकोस. मग रात्रभर कोमट पाण्यात ठेव. सकाळी जी फुगून दुप्पट झाली असतील ती पेर. जी तशीच राहिली ती पुन्हा घास. पाच-सहा चांगले पाऊस झाले, माती हातभर ओली झाली, की खड्ड्याच्या मधोमध वीत-वीत अंतरावर तीन बिया, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतील. दोन महिन्यांनी त्यातला सशक्त ठेव आणि उरलेले कात्रीनं जमिनीलगत काप. उपटू नकोस, शेजारच्याची मुळं हलतात. भोवती बांबूच्या चार काठ्या आणि जाळी लाव. गुरं-शेळ्या बहाव्याला सहसा तोंड लावत नाहीत, पण पाय देतात.

पाणी. इथं सगळे घसरतात, म्हणून नीट वाच. रोज तांब्या-तांब्या पाणी घालणं हे झाडावरचं प्रेम वाटतं, आणि त्यानंच झाड कायमचं परावलंबी होतं. वरची चार बोटं माती रोज ओली राहिली की मुळाला खाली जायचं कारणच उरत नाही. पाणी क्वचित द्यायचं, पण पोटभर. पावसाळा संपल्यावर पहिल्या हिवाळ्यात आठवड्याला एक बादली. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी. दुसऱ्या वर्षी दहा दिवसांतून एकदा, पण दोन बादल्या, आणि आळं बुंध्यापासून फूटभर लांब सरकवलेलं. तिसऱ्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांतून एकदा, तेही पानं मलूल दिसली तरच. त्यानंतर बंद. दुपारी पानं लोंबलेली दिसली म्हणून धावू नकोस. सकाळी सातला ती पुन्हा ताठ झाली असतील तर जमिनीत ओल आहे. सकाळीही लोंबलेलीच असतील तर त्याला खरोखर तहान लागली आहे.

पहिल्या वर्षी एक मडकं पुर. कुंभाराकडचं साधं, रंग न दिलेलं, पाच-सात लिटरचं. रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत गाडायचं, भरायचं आणि डास होऊ नयेत म्हणून वर झाकणी ठेवायची. पाणी भाजलेल्या मातीतून झिरपत खालच्या थरात जातं, वर वाफ होऊन उडत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात ही रीत लिहिलेली आहे, आणि अजून तिच्याहून स्वस्त काही निघालेलं नाही. आळ्यात चार बोटं पालापाचोळ्याचं आच्छादन घाल, बुंध्याला चिकटू न देता. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल दे. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं पाणी आणि आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र झाडाला देऊ नकोस. बोरच्या पाण्यात आधीच क्षार असतात, त्यात ते आणखी दाटलेले असतात.

बाबांना एक हिशेब दाखव. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. तुमची गच्ची साधारण हजार चौरस फूट, म्हणजे 93 चौरस मीटर. सातशे मिलिमीटर पावसात तिच्यावर वर्षाला 65 हजार लिटर पाणी पडतं आणि पाईपवाटे रस्त्यावर जातं. गच्चीचा पाईप अंगणातल्या शोषखड्ड्यात सोडा. शोषखड्डा झाडापासून आठ-दहा फूट दूर ठेवा. खाली ओल असली की मूळ आपण होऊन तिकडं पोचेल. हे काम या पावसाळ्याआधी झालं तर फार बरं.

फुलांना वेळ लागेल. बियांपासून केलेल्या झाडाला पाच ते आठ वर्षं. त्या दरम्यान छाटणीची हौस करू नकोस. खालच्या फांद्या पहिली दोन वर्षं राहू दे, त्या खोडाला जाड करतात आणि उन्हापासून झाकतात. पुढं काढायच्या झाल्या तर फुलं संपल्यावर, पावसाच्या सुरुवातीला. थंडीत आकार देत बसलीस तर येणारा फुलोरा तूच कापून टाकशील.

पण फुलं येतील तेव्हा लांबून फोटो काढून थांबू नकोस. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, एक घोस डोळ्याजवळ घे. हातभर लांब दांडी खाली लोंबलेली. वरच्या अंगाची फुलं उमललेली, टोकाकडं हिरवट कळ्यांचे मणी. पाच पाकळ्या, त्यांच्यावर बारीक शिरा. आत दहा पुंकेसर असतात, आणि ते तीन मापांचे असतात. तीन लांब, बाहेर येऊन वर वळलेले, त्यांच्याजवळच तसाच वळलेला हिरवा स्त्रीकेसर. चार मध्यम. तीन अगदी छोटे. थोडा वेळ तशीच उभी राहा, काळा जाडजूड भुंगा येईल. इथं त्याला मध मिळत नाही, तो परागासाठी येतो. मध्यम पुंकेसरांना पायांनी मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, आणि तुला एकदम वरच्या पट्टीतली गुणगुण ऐकू येते, उडतानाच्या आवाजापेक्षा वेगळी. त्या थरथरीनं पराग बाहेर सांडतात. जवळच्या पुंकेसरांतले तो गोळा करतो. त्याच वेळी लांब वळलेल्या पुंकेसरांतले त्याच्या अंगावर पडतात, जिथं त्याचे पाय सहज पोचत नाहीत तिथं, आणि पुढच्या फुलावर नेमके तिथंच स्त्रीकेसराचं टोक टेकतं. मी मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवत होते तेव्हा हे फूल हातात दिल्यावर वर्गाला वेगळं काही सांगावं लागत नसे.

पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसतील, कडेनं फिकट पांढुरकी रेघ असलेल्या. फिकट पिवळ्या-पांढऱ्या, वेगानं उडणाऱ्या फुलपाखरांच्या त्या अळ्या, बहावा आणि त्याचे भाऊबंद हेच त्यांचं अन्न. झाड लहान असेल तर चार दिवसांत ते पार बोडकं करतात. औषध फवारू नकोस. पावसाळ्यात बहाव्याला तांबूस छटेची नवी पालवी फुटायला फार दिवस लागत नाहीत, आणि त्या अळ्यांवर चिमण्या-बुलबुलांची पिल्लं वाढतात. रोप वीतभरच असेल तेव्हा मात्र अळ्या उचलून दुसऱ्या झाडावर ठेवल्यास माझी हरकत नाही.

आणखी एक. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस, असं तुला कुणीतरी नक्की सांगेल. आमच्याकडं गावोगाव म्हणतात. ऐकायला छान वाटतं, पण त्यावर विसंबू नकोस आणि कुणाला विसंबू देऊ नकोस. झाड फुलतं ते वाढत्या उष्म्यानं, मोठ्या होत जाणाऱ्या दिवसानं, स्वतःच्या अंगातल्या साठ्याच्या हिशेबानं. अरबी समुद्रावर काय चाललंय हे त्याला कळत नाही. केरळात त्याची फुलं विषूच्या सणाला, एप्रिलच्या मध्याला, पूजेत ठेवतात. ते त्यांचं राज्यफूल आहे. तिथंही आताशा ती सणाच्या कितीतरी आधी फुलून जातात अशी तक्रार ऐकू येते. उष्मा लवकर आला की फूल लवकर, पाऊस मात्र त्याच्या वेळेला. आपल्या भागात पहिल्या सरीवर पेरून बसलेला शेतकरी दुबार पेरणीत किती खोल जातो हे मी जन्मभर पाहिलंय. पेरणीसाठी वेधशाळेचा अंदाज आणि जमिनीतली ओल बघायची. बहावा त्याच्या फुलांसाठी बघायचा.

शेंगा उद्या तुझ्या मामाबरोबर पाठवते, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्या कोरड्या जागी ठेव, फ्रीजमध्ये नको. खड्डा या रविवारी सुरू कर आणि पहार कशी वाजली ते मला फोनवर सांग. कातळ लागला तर दुसरी जागा आपण मिळून ठरवू. मडकं आणायला तू स्वतः कुंभाराकडं जा, रंगवलेलं घेऊ नकोस.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
मावशीआजी